ॲसिडमधली करोजन टेस्ट : रेफरन्स कोणता, ते लिहा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

तारापूर, रोहा, लोटे-परशुराम या पट्ट्यांतल्या कारखान्यांत ॲसिडसाठी स्टेनलेस स्टीलची टाकी किंवा पाइप घेताना करोजन टेस्टचा, म्हणजे धातू गंजण्या-झिजण्याच्या चाचणीचा, अहवाल मागवतात. त्यात धातूच्या पोटेन्शियलचा (विद्युत पातळीचा) ‘−0.50 व्होल्ट’ असा आकडा असतो, पण तो कोणत्या रेफरन्स इलेक्ट्रोडच्या, म्हणजे मोजणीसाठी स्थिर धरलेल्या इलेक्ट्रोडच्या, तुलनेत, हे लिहिलेले नसले तर तो आकडा कागदावरची शोभा ठरतो. प्रमाण हायड्रोजन इलेक्ट्रोड शून्य धरला, तर 25 अंश सेल्सियसला संपृक्त कॅलोमेल (पारा आणि मर्क्युरस क्लोराईडचा इलेक्ट्रोड) +0.241 व्होल्टवर असतो, संपृक्त पोटॅशियम क्लोराईडमधला सिल्व्हर क्लोराईड +0.197 वर आणि संपृक्त पोटॅशियम सल्फेटमधला मर्क्युरी-मर्क्युरस सल्फेट सुमारे +0.64 वर. म्हणजे कॅलोमेलवर −0.50 दाखवणारा तुकडा सल्फेटवर −0.90 दाखवणार. धातू तोच, ॲसिड तेच.

याहून वाईट चूक अहवालात दिसतच नाही. सल्फ्युरिक ॲसिडमध्येही कॅलोमेल किंवा सिल्व्हर क्लोराईड थेट बुडवला जातो, कारण कपाटात तोच असतो. त्याच्या टोकाच्या सच्छिद्र काचेतून आतले द्रावण सतत झिरपते. संपृक्त पोटॅशियम क्लोराईडचा एक-दशांश मिलिलिटर, म्हणजे जेमतेम दोन थेंब, एक लिटर ॲसिडमध्ये उतरला की क्लोराईड सुमारे 15 पीपीएम होते. स्टेनलेस स्टीलच्या पॅसिव्ह थराचा, म्हणजे त्याला वाचवणाऱ्या पातळ ऑक्साइड थराचा, मुख्य वैरी तोच. पॅसिव्ह करंट (तो थर असताना वाहणारा अल्प प्रवाह) वाढतो, क्वचित खड्डे पडतात, आणि दोष स्टीलच्या माथी मारला जातो. टेस्ट लांबली की गळतीही वाढते, त्यामुळे दिवसभराच्या प्रयोगात ही चूक अधिक भोवते.

सल्फ्युरिकसाठी सल्फेट इलेक्ट्रोडच घ्यावा. आत टेस्टच्याच ताकदीचे ॲसिड भरता आले तर उत्तम, मग दोन द्रावणांच्या सीमेवरचे पोटेन्शियल जवळजवळ उरत नाही. 0.5 मोलर सल्फ्युरिकमध्ये हा इलेक्ट्रोड सुमारे +0.68 व्होल्टवर असतो, ही नोंद मात्र अहवालात हवी. कॅलोमेलशिवाय गत्यंतर नसेल तर मध्ये सॉल्ट ब्रिज (दोन द्रावणे जोडणारी, द्रावणाने भरलेली नळी) घाला, त्यात टेस्टचेच ॲसिड भरा आणि दर टेस्टला ते बदला. इलेक्ट्रोडमधल्या द्रावणाची पातळी बाहेरच्या द्रावणापेक्षा वर ठेवा, नाहीतर ॲसिड उलटे आत शिरते. ब्रिजचे टोक नमुन्यापासून साधारण 2 मिलिमीटरवर किंवा टोकाच्या व्यासाच्या दुप्पट अंतरावर असावे, यातले जे जास्त असेल ते. चिकटवले तर नमुन्याचा तेवढा भाग झाकला जातो, लांब ठेवले तर द्रावणाचा रोध मोजणीत घुसतो. पोटेन्शियोस्टॅट (नमुन्याचे पोटेन्शियल नियंत्रित करणारे मशीन) अचानक ‘ओव्हरलोड’ दाखवू लागला तर आधी त्या टोकातला हवेचा बुडबुडा शोधा. दहातल्या आठ वेळा तोच असतो, मशीनवाल्याला नंतर बोलवा.

इतर ॲसिडची तऱ्हा वेगळी. हायड्रोक्लोरिकमध्ये क्लोराईड आधीच असल्याने सिल्व्हर क्लोराईड चालतो, पण तीव्र ॲसिडमध्ये त्याचा थर विरघळतो, तिथे ब्रिज लागतोच. परक्लोरिकमध्ये पोटॅशियम गेले की पोटॅशियम परक्लोरेटचे पांढरे स्फटिक सच्छिद्र टोकात बसून ते बंद करतात. अशा वेळी आत पोटॅशियमऐवजी सोडियम क्लोराईड भरावे. हायड्रोफ्लोरिकपुढे काच टिकत नाही, ब्रिज आणि बॉडी दोन्ही प्लॅस्टिकची हवी. ॲसिड गरम असेल तर कॅलोमेल त्यात बुडवूच नका, 60 अंशांपुढे त्याचा भरवसा नाही. ब्रिज लांब घेऊन इलेक्ट्रोड बाहेर, खोलीच्या तापमानाला ठेवा.

अनेक लॅबमध्ये सगळे इलेक्ट्रोड एकाच पोटॅशियम क्लोराईडच्या बीकरमध्ये उभे असतात. सल्फेट इलेक्ट्रोड त्यात रात्रभर राहिला की क्लोराईड आत शिरते, पाऱ्यावर मर्क्युरस क्लोराईड बनते आणि त्याचे पोटेन्शियल कॅलोमेलकडे घसरू लागते. त्याला संपृक्त पोटॅशियम सल्फेटची वेगळी बाटली द्या, तिच्यावर ठळक लेबल लावा.

एक इलेक्ट्रोड फक्त तुलनेसाठी राखून ठेवावा, तो कधीही टेस्टमध्ये वापरू नये. रोज कामाचा इलेक्ट्रोड त्याच जातीच्या राखीव इलेक्ट्रोडशेजारी एकाच द्रावणात उभा करून फरक मोजा. 3 मिलिव्होल्टपर्यंत ठीक, 5 च्या वर गेला तर आतले द्रावण बदला, तरी सुधारला नाही तर काढून टाका. इलेक्ट्रोडचा रोध मात्र साध्या मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर मोजू नका, त्याचा डीसी करंट इलेक्ट्रोडचे पोटेन्शियल हलवतो. काढून टाकलेल्या इलेक्ट्रोडमध्ये पारा असतो, तो नेहमीच्या कचऱ्यात किंवा सिंकमध्ये जाऊ नये, घट्ट झाकणाच्या वेगळ्या डब्यात ठेवून धोकादायक कचरा म्हणूनच द्यावा.

आपले,
करोजन टेस्टिंग करणारे दोन तंत्रज्ञ,
डोंबिवली