कवितेखालची तारीखही वाचा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

२७ जानेवारीच्या होलोकॉस्ट (नाझींनी केलेला ज्यूंचा संहार) स्मृतिदिनानिमित्त आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख मी दोनदा वाचला. छळछावण्यांतून वाचलेल्यांच्या आठवणी, रोजनिश्या, कादंबऱ्या यांचा परिचय लेखकाने मनापासून करून दिला आहे. मात्र पानभर मजकुरात कवितेच्या वाट्याला एकच वाक्य आलं, आणि तेही कवितेच्या विरोधातलं: ‘आउश्वित्झनंतर कविता लिहिणं रानटीपणाचं आहे.’ आउश्वित्झ ही नाझींची मृत्युछावणी; जर्मन तत्त्वज्ञ आडोर्नोचं हे वाक्य देऊन लेख पुढे सरकला. ते मला फार लागलं, म्हणून हे पत्र.

मी एकतीस वर्षं पुण्यात जर्मन शिकवलं. हे वाक्य मलाही विद्यार्थिनी असताना असंच सुटं मिळालं होतं, मागचा-पुढचा संदर्भ नसलेलं. आडोर्नोने ते १९४९ साली संस्कृतीच्या समीक्षेवरच्या एका निबंधाच्या अगदी शेवटी लिहिलं, आणि ते छापून आलं १९५१ मध्ये. पुढे १९६६ साली त्यानेच लिहिलं की, ज्याचा छळ होतो आहे त्याला किंचाळण्याचा जेवढा हक्क, तेवढाच न संपणाऱ्या यातनेला व्यक्त होण्याचा. म्हणून आउश्वित्झनंतर कविता लिहिता येत नाही हे आपलं म्हणणं कदाचित चुकलं असेल. पहिलं वाक्य जगभर फिरलं. दुसरं फारसं कुणी छापत नाही.

पण माझं खरं भांडण त्यातल्या ‘नंतर’ या शब्दाशी आहे. तो वाचून असं वाटतं की आधी संहार झाला, मग सगळं शांत झालं आणि मग कवी टेबलाशी येऊन बसले. तसं घडलेलं नाही.

मिक्लोश राद्नोती हा हंगेरियन ज्यू कवी १९४४ साली सर्बियातल्या बोर इथल्या तांब्याच्या खाणींवर वेठबिगार म्हणून नेला गेला. रशियन फौजा जवळ आल्या तेव्हा या कैद्यांना पायी पश्चिमेकडे हाकलण्यात आलं. चालवेना त्याला वाटेत गोळी. या चालीतही राद्नोती एका छोट्या वहीत कविता उतरवत होता. त्यातल्या शेवटच्या चार छोट्या कवितांना त्याने ‘राझ्ग्लेदनित्सा’ म्हटलं, म्हणजे चित्राचं पोस्टकार्ड. शब्द सर्बियन, कविता हंगेरियन. चौथ्या कार्डाखाली तारीख आहे ३१ ऑक्टोबर १९४४. शेजारी मरून पडलेल्या सोबत्याचं वर्णन करून तो स्वतःला सांगतो की तुझंही असंच होणार, मानेत गोळी. आणि मग त्या हंगेरियन कवितेत एकदम चार जर्मन शब्द ऐकू येतात, डोक्यावर उभ्या असलेल्या पहारेकऱ्याचे: हा अजून उठतोय. मी आयुष्यभर शिकवलेल्या भाषेतलं इतकं साधं वाक्य! पहिल्या वर्षाच्या मुलालाही कळेल. ते तिथे वाचलं त्या दिवशी माझ्याने पुढचा तास घेववला नाही.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला हंगेरीतल्या आब्दा गावाजवळ त्याला आणि त्याच्याबरोबरच्या वीसहून अधिक जणांना गोळ्या घालून एका खड्ड्यात पुरलं. १९४६ च्या जूनमध्ये खड्डा उकरला तेव्हा त्याच्या कोटाच्या खिशात ती वही सापडली. वहीवर पाच भाषांत विनंती होती: यात एका हंगेरियन कवीच्या कविता आहेत, कृपया पोहोचवा.

माझे वडील टपाल खात्यात होते. पत्ता अपुरा असला तरी पत्र पोहोचवायचंच, असं ते म्हणत. ती पाच भाषांतली विनंती मी त्यांना वाचून दाखवली होती. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग एवढंच म्हणाले, ‘पोहोचलं ना पण?’

आठवणी बहुतेक वेळा सुटकेनंतर लिहिल्या जातात, आणि त्या वाचताना लिहिणारा वाचला हे आपल्याला आधीच ठाऊक असतं. राद्नोतीच्या कवितेत तो आधार नाही. लिथुआनियातल्या व्हिल्नाच्या घेट्टोत, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, यिडिश या ज्यूंच्या भाषेत लिहिणाऱ्या अव्रोम सुत्सकेव्हरने १९४३ साली बर्लिनकडे निघालेल्या बुटांच्या गाडीवर कविता लिहिली. त्या ढिगात त्याला आईचे शब्बाथला, ज्यूंच्या आठवड्याच्या पवित्र दिवशी, घालायचे बूट दिसतात. तीन वर्षांनी, २७ फेब्रुवारी १९४६ रोजी, हाच माणूस नाझी नेत्यांवरच्या न्यूरेंबर्गच्या खटल्यात साक्षीला उभा होता. त्याची साक्ष अभ्यासक्रमात ‘इतिहास’ म्हणून शिकवायची आणि कविता ‘भावना’ म्हणून बाजूला ठेवायची, हे मला पटत नाही.

शिवाय कवितेला कागद लागतोच असं नाही. पुढे लेखिका झालेली रूथ क्लूगर आउश्वित्झमध्ये होती तेव्हा तिचं वय बारा. हजेरीसाठी तासन्‌तास उभं करत, तेव्हा ती पाठ असलेली जर्मन कवी शिलरची कवनं मनात म्हणायची, आणि तिने स्वतःच्या कविताही तिथे डोक्यातच रचल्या. १९९२ च्या आठवणींच्या पुस्तकात तिने याबद्दल लिहिलं आहे. त्या कविता नेटक्या, यमक जुळलेल्या होत्या, कारण भोवती सगळं विस्कटलेलं असताना एक तरी गोष्ट ओळीत हवी होती. जात्यावर बसून आजीने म्हटलेल्या ओव्या ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना लय माणसाला कशी उभी ठेवते हे वेगळं सांगायला नको.

आता माझ्याच एका चुकीबद्दल. जर्मनमध्ये लिहिणाऱ्या ज्यू कवी पाउल सेलानची ‘मृत्यूची फ्यूग’ (फ्यूग म्हणजे एकच सूर पुन्हा पुन्हा येऊन गुंफला जाणारी संगीतरचना) मी पंधरा वर्षं शिकवली, आणि चुकीची शिकवली. कुठली ओळ कुठे परत येते, कुठला सूर कुठे मिसळतो, हे फळ्यावर रंगीत खडूंनी आखायचे. मुलं वहीत उतरवून घ्यायची, परीक्षेत लिहायची. एका वर्षी साताऱ्याकडून आलेल्या एका मुलीने हात वर केला. ‘बाई, यात आम्ही, आम्ही म्हणतायत ते कोण? आणि ते उभे कुठे आहेत?’ ते थडगं खोदत होते, स्वतःसाठी. माझ्या खडूच्या आकृतीत त्यांना जागाच नव्हती.

नंतर कळलं की जर्मनीतल्या शाळांतही ही कविता अशीच शिकवली जात होती, आणि पाठ्यपुस्तकासाठी मळून काढलेल्या धान्यासारखी तिची गत झाल्याचं सेलानला फार दुःख होतं. पण म्हणून रचना शिकवूच नये असंही नाही. त्या अख्ख्या कवितेत पूर्ण यमक एकदाच जुळतं: मृत्यू या जर्मनीहून आलेल्या उस्तादाचा डोळा ‘ब्लाउ’, निळा, आणि त्याची शिशाची गोळी लागते ती ‘गेनाउ’, नेमकी. जिथे नेम अचूक बसतो तिथेच यमक बसतं. ही गोष्ट गद्यात सांगता येणार नाही, आणि फक्त इतिहास वाचणाऱ्याला ती दिसणारही नाही.

सेलान चेर्नोवित्झचा, तेव्हाच्या रोमानियातल्या. त्याच्या आई-वडिलांना १९४२ मध्ये नेलं. वडील छावणीत गेले, आईला गोळी घातली. जर्मन ही त्याच्या आईची आवडती भाषा, तिनेच त्याला शिकवलेली, आणि मारणाऱ्यांचीही तीच. ‘मृत्यूची फ्यूग’ पहिल्यांदा छापली गेली ती १९४७ साली बुखारेस्टमध्ये, रोमानियन भाषांतरात. मूळ जर्मनला आणखी वर्षभर थांबावं लागलं.

दोन वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थिनीला या कवींवर प्रबंध करायचा होता. ‘कविता हा पुरावा होत नाही, आत्मकथनं घ्या,’ असं तिला सांगण्यात आलं. तिने विषय बदलला. तिला तेव्हा मी राद्नोतीच्या वहीची गोष्ट सांगितली खरी, पण आज वाटतं तेवढंच सांगायला नको होतं. कविता पुरावा आहेच, पण त्याहून वेगळंही काही करते. दान पागिसची सहा ओळींची एक हिब्रू कविता आहे, बंद मालडब्यात पेन्सिलीने लिहिलेली अशी कल्पना करून. बोलणारी आहे बायबलमधली आदिमाता हव्वा, जवळ मुलगा हाबेल, ज्याला त्याचाच भाऊ काइन मारतो. माझा थोरला काइन भेटला तर त्याला सांगा की मी... आणि कविता तिथेच थांबते. पागिस स्वतः लहानपणी छावणीत होता. त्या ओळीत काइनला ‘बेन आदाम’ म्हटलं आहे. हिब्रूत त्याचा अर्थ आदामचा मुलगा, आणि साधा माणूससुद्धा. हिंदीतला ‘आदमी’ त्याच्या जवळ जातो; मराठीत मला अजून शब्द मिळालेला नाही. त्या स्त्रीला काय सांगायचं होतं, हे कुठल्याही कागदपत्रातून कळणार नाही. ती मोकळी जागा वाचकाने सहन करायची आहे, आणि ते सहन करणं हाही अभ्यासच आहे.

तेव्हा विनंती अशी. पुढच्या जानेवारीत याच विषयावर पान काढाल तेव्हा दोन-तीन कविता अखंड छापा, चौकटीतल्या सुट्या ओळी नकोत. शक्य तिथे मूळ भाषेतून भाषांतर करून घ्या. कवितेखाली ती कुठे, कधी लिहिली हे छापा. राद्नोतीची ती तारीख ठळक अक्षरांत छापलीत तरी चालेल.

सेलानची १९४४ ची एक कविता मी मराठीत आणते आहे. शेवटी तो मेलेल्या आईला विचारतो की, पूर्वी घरी सोसायचीस तसं तू अजूनही ते हळुवार, ते जर्मन, ते दुखरं यमक सोसतेस का? हा प्रश्नही त्याने यमकातच विचारला आहे. बाकी कविता झाली आहे, या दोन ओळींचं यमक मात्र चार महिने जुळत नाही. जुळलं की पाठवते.

आपली नम्र,
एक निवृत्त जर्मन शिक्षिका, पुणे