सणांवरून प्रभुभोजनाची पंगत तुटू नये

मा. संपादक यांस,

नाताळ महिन्यावर आला असताना मराठी ख्रिस्ती समाजातील एका वादाविषयी आपल्या पत्रातून लिहावेसे वाटते, कारण हा वाद आता पाळकांच्या चर्चेपुरता राहिलेला नसून घराघरांतील नाती त्यामुळे दुरावू लागली आहेत. काही नव्या मंडळ्यांमधून तरुणांना असे शिकवले जाते की, नाताळ आणि ईस्टर हे मूळचे मूर्तिपूजकांचे सण असल्यामुळे ते पाळणे पाप आहे, आणि खऱ्या विश्वासणाऱ्याने बायबलमधील लेवीय पुस्तकाच्या 23 व्या अध्यायातील यहुदी सण, म्हणजे वल्हांडण, सप्ताहांचा सण, मंडपांचा सण हेच पाळले पाहिजेत. माझ्या भाच्याने गेल्या वर्षी ही शिकवण मनावर घेतली. त्याच्या आजीने, म्हणजे ऐंशी ओलांडलेल्या माझ्या आईने, पाठवलेला करंज्या-अनारशांचा डबा न उघडता परत आला, आणि जानेवारीच्या पहिल्या रविवारी तो आमच्या मंडळीत आला तेव्हा प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि प्याला वाटून घेण्याच्या विधीच्या, वेळी बाकावरच बसून राहिला. डब्याचे दुःख आई विसरली. प्रभुभोजनाची गोष्ट मी विसरू शकलेले नाही.

त्याचा प्रश्न खोटा नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. येशूचा जन्म कोणत्या दिवशी झाला हे चारही शुभवर्तमानांत कोठे सांगितलेले नाही, आणि तो दिवस साजरा करा अशी आज्ञाही नाही. 25 डिसेंबरचा जुना लेखी आधार रोममधील इ.स. 354 च्या एका संग्रहात मिळतो, आणि त्याच संग्रहातील दुसऱ्या यादीत त्याच दिवशी 'अजिंक्य सूर्या'चा जन्मोत्सवही नोंदलेला आहे. मंडळीने सूर्याचा सण उचलून त्याला ख्रिस्ती रूप दिले, असे काही अभ्यासक म्हणतात. तर 25 मार्च हा येशूच्या गर्भधारणेचा आणि वधस्तंभाचा दिवस धरून, त्यापुढे नऊ महिने मोजून ही तारीख आली, असे इतर मांडतात. आर्मेनियन मंडळी तर आजही 6 जानेवारीलाच ख्रिस्तजन्म साजरा करते. म्हणजे तारखेचा आग्रह धरण्यासारखे आपल्या हाती काही नाही. पण तारखेच्या उगमावरून सण अपवित्र ठरत असेल, तर ज्या दिवशी हे बांधव उपासनेला जमतात त्या दिवसाचे मराठी नाव रविवार आहे आणि रवी म्हणजे सूर्य, याचे काय करायचे? रविवारी प्रार्थना करणारा ख्रिस्ती माणूस सूर्याची पूजा करतो असे कोणी म्हणत नाही, कारण तो कोणापुढे आणि कशासाठी गुडघे टेकतो हे सर्वांना ठाऊक आहे.

नाताळाला विरोध ही नवी गोष्टही नाही. आमची नगरची मंडळी ज्या अमेरिकन मराठी मिशनच्या कामातून उभी राहिली, त्या मिशनचे पहिले लोक 1813 मध्ये मुंबईत आणि 1831 मध्ये अहमदनगरला आले, आणि त्यांना पाठवणारी संस्था मॅसॅच्युसेट्सची होती. त्याच मॅसॅच्युसेट्समध्ये प्युरिटन वसाहतकारांनी 1659 साली नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड करणारा कायदा केला होता. तो 1681 मध्ये उठला, तरी नाताळची अधिकृत सुट्टी तेथे मिळाली ती 1856 मध्ये. इंग्लंडच्या पार्लमेंटनेही 1647 मध्ये नाताळ आणि ईस्टर रद्द केले होते. ही माणसे श्रद्धाहीन नव्हती. शास्त्रात नाही ते उपासनेत नको, एवढेच त्यांचे म्हणणे होते. मला त्यांच्याविषयी आदर आहे, आणि ज्या ख्रिस्ती कुटुंबाला त्यांच्याप्रमाणे डिसेंबर साधेपणाने, चांदणी न लावता घालवायचा असेल, त्यांना आपण कमी प्रतीचे ख्रिस्ती म्हणू नये. मात्र दंडाचा तो कायदा चूकच होता, आणि आज तोच दंड पैशांऐवजी बहिष्काराच्या रूपाने वसूल केला जात आहे.

आता दुसरी बाजू. शास्त्रातील सण पाळणे बंधनकारक आहे असे जे सांगतात, त्यांनी ती आज्ञा पूर्ण वाचावी. निर्गमाच्या 12 व्या अध्यायात वल्हांडणाचा कोकरा सुंता न झालेल्याने खाऊ नये असे स्पष्ट लिहिले आहे. अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या 16 व्या अध्यायात तो यज्ञ आपापल्या गावात न करता परमेश्वर निवडील त्या एकाच ठिकाणी करावा, आणि सर्व पुरुषांनी वर्षातून तीनदा तेथे हजर व्हावे, असे सांगितले आहे. यरुशलेमचे मंदिर इ.स. 70 मध्ये पडल्यापासून तो यज्ञ यहुदी लोकही करत नाहीत. मग पुण्यातल्या किंवा नगरमधल्या एखाद्या दिवाणखान्यात बेखमीर भाकर मोडून आम्ही नियमशास्त्र पाळले, असे म्हणता येत नाही. फार तर त्याची आठवण केली असे म्हणता येईल. परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांवर हे ओझे घालावे का, हा प्रश्न यरुशलेमच्या सभेपुढे आला होता, आणि प्रेषितांची कृत्ये 15 मध्ये सभेने जे मोजके नियम कळवले त्यांत एकही सण नाही. सण, अमावास्या किंवा शब्बाथ (शनिवारचा विसाव्याचा दिवस) यांवरून कोणाला तुमचा न्याय करू देऊ नका, असे प्रेषित पौलाने कलस्सैच्या मंडळीला लिहिले. तोच पौल पेन्टेकॉस्टच्या, म्हणजे सप्ताहांच्या सणाच्या, दिवशी यरुशलेमेत असावे म्हणून घाईने प्रवास करत होता. सण पाळणे त्याला वर्ज्य नव्हते, सणाला तारणाची अट करणे वर्ज्य होते.

शिवाय हे सण ज्यांचे आहेत ते लोक महाराष्ट्राला परके नाहीत, ही गोष्ट या वादात कोणी बोलत नाही याची मला खंत वाटते. कोकणात अलिबाग, रेवदंडा, पेण या भागांतील गावांत बेने इस्राएल या यहुदी समाजाने तेलाच्या घाण्यावर पोट भरत पिढ्यान्‌पिढ्या शब्बाथ पाळला, आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावाने त्यांना 'शनिवार तेली' हे नाव दिले. त्यांनी आपल्या सणांना मराठी नावे दिली: वर्षारंभाचा 'नव्याचा सण', प्रायश्चित्ताच्या दिवसाचा 'दारफाळणीचा सण', मंदिराच्या विध्वंसाच्या उपासाला 'बिरड्याचा रोजा'. एलिया संदेष्ट्याच्या नावाने ते पोहे, खोबरे आणि फळे यांचा मलिदा करतात. 1948 नंतर त्यांच्यातील बहुतेक जण इस्राएलला गेले, तरी मुंबई, ठाणे, पुणे आणि रायगडात त्यांची घरे व प्रार्थनामंदिरे आहेत. अशा वेळी एडक्याच्या शिंगाचा कर्णा मागवायचा, खांद्यावर प्रार्थनेची शाल घ्यायची आणि आता हे सण खऱ्या अर्थाने आम्हीच पाळतो असे जाहीर करायचे, यात त्या शेजाऱ्यांचा मान राहत नाही. वल्हांडण म्हणजे ओलांडून जाणे; मिसर देशातील त्या रात्रीची आठवण ज्यांनी शेकडो वर्षे आपल्या घरात जपली, त्यांच्याकडे पाहुणे म्हणून बोलावणे आले तर जावे, ऐकावे, शिकावे. प्रभुभोजनाची मुळे त्या रात्रीत आहेत, हे ज्याला कळेल त्याला भाकर आणि प्याला हाती घेताना अधिकच भरून येईल.

येथे योहानाच्या शुभवर्तमानाच्या 10 व्या अध्यायातील एक लहानसा उल्लेख मला फार मोलाचा वाटतो. पुनःस्थापनेच्या सणाच्या वेळी, हिवाळ्यात, येशू मंदिराच्या देवडीत फिरत होता. हा सण लेवीयात नाही. मक्काबी या यहुदी घराण्यातील वीरांनी मंदिर पुन्हा शुद्ध केले त्याच्या स्मरणार्थ तो लोकांनी सुरू केला. आज्ञा नसलेल्या, माणसांनी कृतज्ञतेने ठरवलेल्या सणाच्या दिवशी प्रभू मंदिरात होता, आणि त्याने त्या सणाचा निषेध केला नाही. नाताळाविषयी किंवा आमच्या मंडळ्यांतील पिकांच्या उपकारस्तुतीविषयी ज्यांचे मन डळमळते, त्यांनी हा अध्याय सावकाश वाचावा.

दुसऱ्या शतकात ईस्टरच्या दिवसावरूनच असा तंटा झाला होता. आशिया या रोमन प्रांतातील (आजच्या तुर्कस्तानातील) मंडळ्या यहुदी गणनेप्रमाणे वल्हांडणाच्या महिन्याच्या 14 व्या तिथीला तो पाळत, तर रोममध्ये तो रविवारी पाळला जाई. इ.स. 155 च्या सुमारास स्मुर्णाचे वृद्ध बिशप पॉलिकार्प रोमला गेले आणि तेथील बिशप अनिसेत यांच्याशी बोलले. कोणीच कोणाला पटवू शकले नाही. तरीही अनिसेत यांनी आपल्या मंडळीत प्रभुभोजनविधी चालवण्याचा मान पॉलिकार्प यांना दिला, आणि दोघांनी शांतीने एकमेकांचा निरोप घेतला. पुढे सुमारे 190 मध्ये रोमचे बिशप व्हिक्टर यांनी आशियातील मंडळ्यांना तोडण्याचा घाट घातला, तेव्हा स्वतः रविवार पाळणाऱ्या लिओंच्या इरेनियस यांनीच त्यांना पत्र लिहून अनिसेत आणि पॉलिकार्प यांची ही भेट आठवून दिली.

म्हणून दोन्ही बाजूंच्या पाळकांना माझी हात जोडून विनंती आहे की, कोण कोणता दिवस पाळतो यावरून त्यांनी कोणालाही प्रभुभोजनापासून दूर ठेवू नये, आणि कोणाला स्वतःहून दूर राहण्यास शिकवूही नये. नाताळ साजरा करणाऱ्या मंडळ्यांनीही आपल्या घरातील तरुणांच्या शंकांना उर्मटपणा समजून गप्प बसवू नये. आमच्या घरात तसे झाले, आणि त्यात माझाही वाटा होता. भाच्याला मी कळवले आहे की, पुढच्या वर्षी मंडपांच्या सणाला त्याने मंडप घातला आणि बोलावले तर त्याची आजी आणि मी दोघी येऊ. जानेवारीच्या पहिल्या रविवारी आमच्या बाकावर त्याची जागा राखून ठेवली आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, अहिल्यानगर