ओटीतल्या (ऑपरेशन थिएटरातल्या) मामांना, चरबीच्या बाटलीबद्दल

प्रिय मामा,

स. न. वि. वि.

ऑपरेशन संपलं की सक्शनच्या बरणीत जमलेली पोटाची चरबी एरवी पिवळ्या पिशवीत पडते आणि जाळायला जाते. ज्या पेशंटनं संशोधनासाठी संमती दिली आहे, तिची चरबी तुम्ही सिस्टरांकडून निर्जंतुक बाटलीत भरून घेता, लेबलवर नाव न टाकता क्रमांक आणि वेळ लिहून घेता आणि मागच्या इमारतीत आमच्या हातात आणून देता. तिच्यातून आम्ही मूळपेशी, म्हणजे स्टेमसेल, वेगळ्या काढतो. शोधनिबंधावर डॉक्टरांची नावं छापून येतात, बाटली आणणाऱ्याचं येत नाही. म्हणून हे आभार सगळ्यांना वाचता येतील असे उघड मांडतो आहोत.

तुमची बाटली टेबलावर ठेवली की पाच-दहा मिनिटांत तीन थर दिसतात. वर तेल, मधे रवाळ लोण्यासारखी पिवळी चरबी, तळाला लालसर पाणी. तेल म्हणजे फुटलेल्या चरबीपेशी. सक्शनचा जोर जास्त झाला किंवा बाटली वाटेत हिंदकळली की हा थर जाड होतो. तुम्ही आणलेल्या बाटलीत तो पातळ असतो. तळाच्या पाण्यात रक्ताबरोबर चरबी काढण्याआधी टोचलेलं सलाईन, बधिर करणारं लिग्नोकेन आणि रक्तवाहिन्या आवळणारं अ‍ॅड्रेनलिन असतं. लिग्नोकेन पेशींना बाधतं, त्यात त्या जितका वेळ भिजत राहतील तितकं नुकसान. बाटली दुपारच्या चहानंतर आली तरी काय बिघडतं, असं विचारणाऱ्यांना आम्ही हेच सांगतो.

सगळ्यात मोठे आभार फॉर्मॅलिनसाठी, म्हणजे तुकडे कुजू न देणाऱ्या त्या द्रावणापासून बाटली लांब ठेवल्याबद्दल. तुकडा निघाला की फॉर्मॅलिनच्या डबीत टाकायचा, ही ओटीतली जुनी सवय, आणि बायोप्सीसाठी ती बरोबरच आहे. पण आम्हाला पेशी जिवंत लागतात. फॉर्मॅलिनमध्ये पडल्या की त्या जागीच थिजतात, नंतर कितीही धुतलं तरी उपयोग नाही. डबी विसळून पुन्हा वापरली तरी धोका राहतोच. आमच्या बाटल्यांना निळी पट्टी लावून त्यांचा कप्पा वेगळा करायचं तुम्हीच सुचवलंत. स्पिरिट आणि बेटाडिनच्या बाटल्याही त्या कप्प्यापासून लांब ठेवल्यात.

दुसरे आभार उन्हासाठी. मे महिन्यात मराठवाड्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो आणि दोन इमारतींमधल्या फरशीवर पाय ठेववत नाही. पेशींना 37 अंश मानवतात, त्याच्या वर चार-पाच अंश चढले की त्या मरायला लागतात. म्हणून थर्माकोलची पेटी. बर्फात खुपसून आणणंही तितकंच वाईट. चरबी गोठते आणि बर्फाला टेकलेल्या कडेच्या पेशींना इजा होते. आम्हाला हवं ते साधं खोलीचं तापमान, 20 ते 25 अंश.

बाटली आमच्याकडे आल्यावर चरबी तितक्याच फॉस्फेट सलाईनने तीनदा धुतो, रंग पिवळाधमक होईपर्यंत. मग 0.075 टक्के कोलॅजिनेज घालून 37 अंशांवर अर्धा तास हलवत ठेवतो. चरबीला बांधून ठेवणारे धागे हे विकर कापतं. वेळ कमी पडली तर गुठळ्या राहतात, जास्त झाली तर ते पेशींनाही सोडत नाही, म्हणून वेळेवर सीरम घालून त्याला थांबवावं लागतं. सेंट्रिफ्यूजमधून, म्हणजे नळ्या गरगर फिरवणाऱ्या यंत्रातून काढलं की चरबी वर तरंगते आणि नळीच्या बुडाला मुगाच्या डाळीएवढा लाल ठिपका बसतो. सगळा खटाटोप त्या ठिपक्यासाठी! त्यातल्या तांबड्या पेशी अमोनियम क्लोराइडने फोडतो, उरलेलं 100 मायक्रॉनच्या जाळीतून गाळून फ्लास्कमध्ये पेरतो. चोवीस तासांनी धुतलं की तळाला चिकटून राहतात, त्यांच्यात आपल्या मूळपेशी. उशिरा आलेल्या बाटलीत या चिकटणाऱ्याच कमी भरतात.

चरबीतून अशा पेशी वेगळ्या काढल्याचं पॅट्रिशिया झुक आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये प्रसिद्ध केलं. त्याआधी सगळी भिस्त अस्थिमज्जेवर होती. तिथे लाखात एक ते दहा पेशी कामाच्या. चरबीतून निघालेल्या त्या ठिपक्यात शंभरात एक ते दहा सापडतात. फरक तुम्हीच बघा.

हे सगळं कशासाठी, ते तुम्ही वॉर्डात रोज पाहता. स्टोव्हच्या भडक्यानं मान छातीला चिकटलेल्या बाया, तंबाखूच्या कॅन्सरनं जबडा काढावा लागलेली माणसं, रेडिएशननं कातडी लाकडासारखी झालेले पेशंट. खळगा भरायला पेशंटचीच चरबी टोचली तर तिच्यातली कधी पाव, कधी निम्म्याहून जास्त विरघळून जाते, कारण रक्तवाहिनीपासून दूर पडलेली चरबी उपाशी मरते. मूळपेशी नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करणारे रस सोडतात. त्या मिसळल्या तर जास्त चरबी टिकेल का, हा आमचा प्रश्न. कॅन्सर झालेल्या जागी हेच रस उरल्यासुरल्या गाठीला खतपाणी घालतील का, हा दुसरा, आणि तो पहिल्याइतकाच महत्त्वाचा.

म्हणूनच नातेवाइकांना तुम्ही जे सांगता, त्याचं मोल फार आहे. "हा इलाज नाही माय, अभ्यास आहे. तुमच्या पेशंटला याचा आज काही फायदा नाही, अन् नाही म्हणलात तरी ऑपरेशनमधी फरक पडणार नाही." आपल्या देशात या पेशी पेशंटला द्यायच्या तर मान्यताप्राप्त क्लिनिकल ट्रायलमध्येच, तेही पैसे न घेता. बाहेर कुणी पैसे घेऊन स्टेमसेलचं इंजेक्शन देतो म्हणाला, तर नातेवाइकांना आधी आमच्याकडे पाठवा.

सोमवारपासून पेटीत गारवा धरणाऱ्या दोन जेल-पिशव्या असतील. त्या बाटलीला टेकू देऊ नका, मधे टॉवेलची घडी ठेवली आहे. आणि पेनची शाई स्पिरिटनं पुसली जाते, म्हणून क्रमांकासाठी पेन्सिलही तिथेच बांधून ठेवली आहे.

तुमची,
पेशी प्रयोगशाळेतली मंडळी