चित्रकार बरव्यांचं लिखाण पण वाचा की!

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात चित्रकार कधी येतो हे बरेच दिवस बघतोय. एकतर तो गेला की येतो, नाहीतर त्याचं चित्र कोटींना विकलं गेलं की. मार्च 2025 ला हुसेनचं 'ग्रामयात्रा' न्यूयॉर्कच्या लिलावात 118 कोटींच्या आसपास गेलं तेव्हा आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस नुसता आकडा फिरत होता, चित्रात आहे काय हे एकानेही विचारलं नाही (मीही नाही, खोटं कशाला बोलू).

मी काही आर्टवाला नाही, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या पुढे आमची गाडी गेलीच नाही. पण प्रभाकर बरव्यांचं 'कोरा कॅनव्हास' हातात पडलं आणि पहिल्यांदा वाटलं की अरे, हे मला कळू शकतं, कारण माणूस आपल्याच मराठीत बोलतोय. मौज प्रकाशनानं 1990 साली काढलेलं पुस्तक. इंग्रजीत ते नंतर गेलं, शांता गोखल्यांनी केलं, म्हणजे इथे मूळ आपलं आहे आणि आपल्यालाच पत्ता नाही!

बरवे 1936 चे, मुंबईच्या जेजे कला महाविद्यालयात शिकले, विणकर सेवा केंद्रात कापडाची डिझाइनं करायची नोकरी केली, त्यात काही वर्षं बनारसला होते आणि तिथे तंत्रमार्गातल्या (तांत्रिक साधनेतल्या) आकृत्यांनी त्यांना धरलं. पुढे मात्र ते सगळं मागे ठेवून हा माणूस घड्याळ, पान, पिन, शिंपला असल्या साध्या वस्तूंकडे वळला, आणि रंग कुठला तर इनॅमल, म्हणजे दारं-खिडक्या रंगवतो ना आपण, तो. त्यांच्या चित्रातलं घड्याळ वेळ सांगत नाही. ते मोकळ्या जागेत नुसतं असतं, शेजारी एखादं पान असतं आणि दोघांचा संबंध काय हे आपलं आपण जुळवत बसायचं. आधी मला हा चावटपणा वाटायचा. पुस्तक वाचल्यावर कळलं की ती मधली मोकळी जागा, ज्याला ते अवकाश म्हणतात, तीच तर ते रंगवत होते. वस्तू, आकार, अवकाश हे शब्द त्यांनी असे वापरलेत की समीक्षकांचं जडजंबाळ मराठी वाचून आलेली डोकेदुखी उतरते. काही पानं मलाही झेपली नाहीत ते सोडा.

ते डायऱ्याही लिहायचे, त्यात टिपणं आणि स्केचेस शेजारी शेजारी. 1995 ला गेले. 2019 ला मुंबईच्या एनजीएमएत, म्हणजे सरकारच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात, त्यांचं मोठं प्रदर्शन झालं, पण उद्घाटनाला अमोल पालेकर सरकारी कारभारावर टीका करायला लागले आणि त्यांचं भाषण मध्येच थांबवलं ना, मग काय, बातम्या सगळ्या त्याच्याच. तो विषय महत्त्वाचा होताच हो, पण ज्याचं प्रदर्शन तो बिचारा राहिला बाजूला.

तर विनंती एवढीच की रविवारच्या पुरवणीत महिन्यातून एकदा अर्धं पान द्या, एक चित्र छापा आणि त्याच चित्रकाराचं चित्राबद्दलचं लिखाण शेजारी द्या, सुरुवात बरव्यांपासून करा. किंमत छापू नका. आणि पान रंगीत असू द्या, इनॅमलचा तो सपाट रंग काळ्यापांढऱ्यात दिसायचा नाही.

आपला,
एक जुना वाचक