आई-बाबा, रोज रात्री पाय बघत जा

आई, बाबा,
सा. न.

काल फोनवर बाबा सहज म्हणाले की देवळातून येताना डाव्या पायातली चप्पल कुठे निसटली ते घरी येऊन पाय धुवायला बसल्यावर कळलं, आणि आई मागून ओरडली की हल्ली हे नेहमीचंच झालंय. मग रेंज गेली. तुम्ही दोघं ते विसरलाही असाल पण माझ्या डोक्यातून जात नाहीये, कारण आमच्या ड्रेसिंग रूममध्ये शुगरचा पेशंट आला की आम्ही जे पहिले प्रश्न विचारतो त्यातला एक हाच असतो, चालताना चप्पल सुटली तर कळतं का? फोनवर बोलायला गेलं की बाबा हो हो म्हणतात आणि आई मी जेवले का ते विचारते, म्हणून सगळं लिहूनच काढलंय, बाळूला सांगितलंय मोठ्या अक्षरात प्रिंट काढून द्यायला.

बाबा, हे वयामुळे होत नाही. शुगर बरीच वर्षं वाढलेली राहिली की नसा खराब होतात, आणि सगळ्यात लांब नसा पायाच्या बोटांपर्यंत गेलेल्या असतात म्हणून सुरुवात तिथून होते. आधी मुंग्या येतात, रात्री तळवे जळजळतात, मग जमिनीवर पाय ठेवला तरी गादीवर चालल्यासारखं वाटतं, आणि एक दिवस मुंग्याही थांबतात आणि माणसाला वाटतं चला बरं झालं. बरं झालेलं नसतं, पाय बधिर झालेला असतो. मागच्या वर्षी तुम्ही जळजळ होते म्हणून रात्री ओला पंचा पायावर टाकून झोपायचात ना, आणि या वर्षी म्हणता आता काही त्रास नाही, मला त्याचीच भीती वाटते.

ज्याचा पाय दुखत नाही तो जखमेवरूनच चालत राहतो. आमच्याकडे एक काका आले होते, तुमच्याच वयाचे, चपलेच्या तळातून खिळा आत आलेला आणि ते दिवसभर बाजारात फिरले, रात्री काकूंना लादीवर रक्ताचे ठसे दिसले तेव्हा कळलं. दुसऱ्या एकांच्या बुटात नातवाचं खेळण्यातलं चाक राहिलेलं, संध्याकाळपर्यंत तळव्याला फोड. गावाकडच्या जुन्या घरांत तर रात्री उंदीर बोट कुरतडून जातो आणि माणसाला जाग येत नाही, हे मी ऐकीव सांगत नाही, अशा जखमेचं ड्रेसिंग मी माझ्या हाताने केलंय. आपल्या माळ्यावर उंदीर आहेत, तेव्हा बाबा, खाली अंथरूण घालून झोपणं बंद, खाटेवर मच्छरदाणी लावून झोपायचं.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड म्हणून होते, स्वातंत्र्याच्या आसपास तिथे आले आणि कुष्ठरोग्यांच्या हातापायांवर त्यांनी कितीतरी वर्षं काम केलं. तोपर्यंत सगळ्यांना वाटायचं की या रोगात मांस आपोआप सडतं. त्यांनी दाखवून दिलं की तसं नाही, दुखणं कळत नाही म्हणून माणूस भाजून घेतो, कापून घेतो, त्याच जखमेवर चालत राहतो आणि पाय जातो. शुगरच्या पायाचंही तेच आहे. पाय कापायची वेळ येते तेव्हा मागे जाऊन विचारलं तर बहुतेक वेळा सुरुवात एका बारीकशा फोडाची, चिरेची नाहीतर कुरुपाची असते, जिच्याकडे आठवडाभर कोणी बघितलेलं नसतं.

म्हणून बाबा तुम्हाला एकच काम देतेय. रात्री जेवणानंतर बातम्या लावता तेव्हा ट्यूबलाइटखाली खुर्चीवर बसायचं, चष्मा लावायचा आणि दोन्ही पाय बघायचे. वरून, खालून, टाचेच्या कडेने, आणि प्रत्येक दोन बोटांच्या मधे बोटं फाकवून. तळवा दिसत नसेल तर तुमचा दाढीचा आरसा जमिनीवर ठेवा आणि त्यावर पाय धरा, नाहीतर आईला बघायला सांगा, आणि तिला लाजायचं काही कारण नाही. लाल झालंय का, फोड आहे का, चीर गेलीय का, एखादी जागा बाकीच्यापेक्षा गरम लागते का, मोज्याला नाहीतर चादरीला ओला डाग आहे का. यातलं काहीही दिसलं तर दुखत नाहीये ना मग उद्या बघू असं करायचं नाही, त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर. आणि तोवर त्या पायावर चालायचं नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण कितीही भारी मलम लावा, जखमेवर शरीराचं वजन पडत राहिलं तर ती भरत नाही.

आता शेक. तुम्हाला दोघांनाही शेकाची फार आवड आहे, मला माहितीये. विटेचा शेक, गरम पाण्याची पिशवी, चुलीसमोर पाय पसरून बसणं, हे सगळं बाबांसाठी बंद. ज्या पायाला गरम कळत नाही तो भाजला तरी कळत नाही. पाय धुवायचं पाणी कोमट, आणि ते पायाने किंवा बोटाने नाही, कोपराने बघायचं किंवा आईने बघायचं. देवळाच्या फरसबंद अंगणात एप्रिल-मेच्या दुपारी अनवाणी प्रदक्षिणा घालायची नाही, देवाला सकाळी सहाला नमस्कार केला तरी तो पोचतो, आणि दुपारी जावंच लागलं तर जाड सुती मोजे घालून जा, कोणी काही म्हणत नाही.

कुरुपाला ब्लेड लावायचं नाही. मेडिकलमध्ये कुरुपाची पट्टी मिळते ना गोल भोकाची, त्यात सॅलिसिलिक ॲसिड असतं, ते कुरुपाबरोबर आजूबाजूची चांगली कातडीही जाळतं, बाबांच्या पायाला तर ती मुळीच नको. आणि बिब्बा! आई, तुझ्या फडताळातल्या डबीत बिब्बे आहेत हे मला ठाऊक आहे, भेगांवर बिब्बा उतवून लावायची आजीची पद्धत मी लहानपणी बघितलीये, पण बिब्ब्याने कातडी भाजते, फोड येतात. आजीच्या पायाला सगळं कळत होतं, चटका बसला की ती पाय मागे घ्यायची. बाबांना ते कळणार नाही, म्हणून ती डबी त्यांच्या हाताला लागेल अशी ठेवू नकोस.

आई, आता तुझे पाय. तुला शुगर नाही, पण तुझ्या टाचांच्या भेगांमध्ये गणपतीला मी हळदीसारखा पिवळा चिखल बघितला होता आणि तू म्हणालीस शेतात हे चालायचंच. भेग खोल गेली की त्यातून रक्त येतं आणि त्यातूनच जंतू आत जातात. तुझं मुठेल, म्हणजे कोकमाचं घट्ट तेल, चांगलंच आहे, ते सोडू नको, फक्त कोरड्या टाचेवर लावून उपयोग कमी होतो. आधी दहा-पंधरा मिनिटं कोमट पाण्यात पाय ठेवायचे (हे तुला, बाबांना नाही, त्यांनी फक्त धुवायचे आणि पुसायचे), मग वजरीने हलक्या हाताने घासायचं, रक्त येईपर्यंत नाही, टॉवेलने टिपायचं आणि कातडी जराशी ओलसर असतानाच मुठेल पातळ करून चोळायचं, वरून जुने सुती मोजे घालून झोपायचं. भेगा फार जाड असतील तर मेडिकलमध्ये युरियाचं क्रीम मागायचं, दहा ते वीस टक्क्यांचं, ते जाड झालेली कातडी मऊ करतं. पण तेल असो की क्रीम, बोटांच्या मधे नाही, तिथे ओल राहिली की चिखल्या होतात. बाबांच्या पायाला पण रोज लावायचं कारण नसा गेल्या की पायाला घामही येत नाही आणि एवढ्या दमट हवेत राहूनही कातडी सुकते आणि फाटते.

सकाळी उठून पहिलं पाऊल टाकताना टाच ठणकते म्हणतेस आणि चार पावलं चाललं की बरं वाटतं, ते बहुतेक तळव्याखालच्या जाड पडद्याला सूज असल्यामुळे आहे. एक्सरेत टाचेचं हाड वाढलेलं दिसलं म्हणून घाबरू नको, तसं हाड वाढलेली कितीतरी माणसं काही न दुखता फिरतात. खाटेवरून उतरायच्या आधी पाय सरळ करून पंचा तळव्याला अडकवायचा आणि बोटं स्वतःकडे ओढायची, अर्धा मिनिट, असं तीनदा. स्वयंपाकघरात शहाबादी फरशीवर अनवाणी उभं राहायचं नाही, घरातली म्हणून वेगळी मऊ चप्पल ठेवायची. तू म्हणशील चुलीजवळ चप्पल कशी घालायची, पण ती चप्पल घराबाहेर जातच नाही तर विटाळ कसला? महिना-दोन महिने नेमाने केलंस तर फरक पडेल, आठवड्यात काही होणार नाही, तेव्हा मधेच सोडू नको.

लावणी आता तोंडावर आलीये. दिवसभर चिखलात पाय, त्यामुळे बोटांमधली कातडी पांढरी पडून सोलवटते, खाज येते. शेतातून आलीस की पाय साबणाने धुवून प्रत्येक बोटामधून सुती फडकं फिरवायचं. तुझ्या जोडव्यांखाली पाणी साठून राहतं, जोडवी काढ म्हणणार नाही कारण तू काढणार नाहीस, पण निदान फिरवून खालची कातडी कोरडी करत जा आणि घट्ट झाली असतील तर सोनाराकडून सैल करून आण. चिखल्या झाल्याच तर क्लोट्रिमॅझोलचं साधं मलम दिवसातून दोनदा, आणि बरं वाटलं तरी पुढे दोन आठवडे. दुकानदार जे लगेच आराम पडणारं मिक्स ट्यूब देतो त्यात स्टेरॉइड असतं, खाज दोन दिवसांत थांबते आणि बुरशी मागून जोरात पसरते, ते घ्यायचं नाही.

आणि लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप, विसरू नका. आपल्या सिंधुदुर्गात लावणीच्या दिवसांत तो होतोच, उंदराच्या, गुरांच्या मुताने घाण झालेल्या पाण्यातून, पायाच्या चिरेतून अंगात शिरतो. आशाताई डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्यांचं विचारायला आली की नको नको करू नका, आरोग्य केंद्रात डॉक्टरांना विचारा तुम्हाला चालतील का आणि सांगतील तशा घ्या. ताप आला आणि पोटऱ्या खूप दुखायला लागल्या, डोळे लाल झाले तर घरी काढा पीत बसू नका. बाबांनी या वर्षी चिखलात उतरायचंच नाही, बांधावर गमबूट घालून उभं राहून काय सांगायचं ते सांगा.

नखं सरळ कापायची, कोपऱ्यात खोल जायचं नाही. बाबांची नखं आंघोळीनंतर मऊ झाल्यावर आईने कापावी.

घोट्याला संध्याकाळी सूज दिसते म्हणता ती बाबांच्या बीपीच्या गोळीमुळेही असू शकते, ॲम्लोडिपिनने काही जणांना येते, पण म्हणून गोळी स्वतःहून बंद करायची नाही, डॉक्टरांना सांगायचं. एकच पाय अचानक सुजला, गरम झाला, दुखला तर मात्र थांबायचं नाही, लगेच दाखवायचं.

पुढच्या वेळी कुडाळला डॉक्टरकडे जाल तेव्हा तीन गोष्टी स्वतः मागून करून घ्या. तीन महिन्यांची शुगर, बी-12 (बाबा एवढी वर्षं मेटफॉर्मिन घेतायत, त्याने ते कमी होतं आणि बधिरपणा अजून वाढतो), आणि पायाची तपासणी. त्यात नायलॉनच्या दोऱ्यासारखी एक बारीक तार तळव्याला टेकवतात, ती वाकेपर्यंत दहा ग्रॅमचा दाब पडतो, डोळे मिटून कळलं का ते सांगायचं असतं. दुखत नाही, दोन मिनिटांचं काम आहे. पावलावरची नाडी पण बघायला सांगा, रक्त नीट पोचतंय की नाही ते त्यावरून कळतं, आणि बाबा, ती चोरून ओढता ना दुपारची बिडी, ती रक्तवाहिन्या आवळते, आईला मी सांगितलं नाहीये पण आता हे पत्र ती पण वाचणार.

अंगठ्याची चप्पल आजपासून बंद करा, ती पट्टी बोटांच्या मधे घासते आणि बधिर पायाला कळत नाही. एमसीआर म्हणजे मऊ रबराच्या तळाचे, मागून पट्टा असलेले सँडल मी इथून घेऊन येते चतुर्थीला. तोवर ते जुने कॅनव्हासचे बूट सुती मोज्यांवर वापरा, आणि पायात घालायच्या आधी दर वेळी उलटे करून झटकायचे आणि आतून हात फिरवायचा.

मापासाठी दोघांनीही संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असतात तेव्हा, वहीच्या कागदावर उभं राहून दोन्ही पायांच्या कडेने पेन्सिल फिरवा आणि बाळूकडून व्हॉट्सॲप करा. बाबांच्या पायांचे फोटोही पाठवा, उद्याच, चांगल्या उजेडात, तळव्यांचा वेगळा आणि बोटांच्या मधला वेगळा.

तुमची,
सुमी