चित्रातला घोडा आणि धयकाल्यातली तारामती

प्रिय बाबल्या,

परवा फोनवर बोललास ना, की कला म्हणजे शेवटी नक्कलच, आणि नक्कलच करायची तर मोबाइलचा कॅमेरा जास्त भारी करतो, ते डोक्यातून जाईना म्हणून लिहायला बसलो. तुझ्या बाजूने प्लेटो आहेच म्हणा. ‘रिपब्लिक’च्या १०व्या भागात त्याचे तीन पलंग आहेत, एक मूळ कल्पनेतला, दुसरा सुताराने केलेला, तिसरा चित्रकाराने रंगवलेला, म्हणजे चित्र सत्यापासून सगळ्यात लांब. ॲरिस्टॉटलने गुरूला जरा वळवलं, प्रेत बघवत नाही पण त्याचं हुबेहूब चित्र माणूस आवडीने बघतो म्हणाला. पण नक्कल त्यानेही सोडली नाही.

मला आवडतो तो शंकुक, नाटकावर लिहिणारा जुना संस्कृत पंडित. त्याचा ग्रंथ हरवला, इ.स. १०००च्या आसपास काश्मीरच्या अभिनवगुप्ताने भरताच्या नाट्यशास्त्रावरच्या टीकेत खोडून काढायला म्हणून त्याचं मत मांडलं, ते उरलं (नशीब बघ, विरोधकानेच जपलं!). तो म्हणतो, चित्रातला घोडा बघताना ‘हा खराच घोडा’ असं वाटत नाही, ‘घोडा नाहीच’ असंही नाही, ‘आहे की नाही’ ही शंका नाही आणि ‘घोड्यासारखं काहीतरी’ असंही नाही. तरी घोडा दिसतो. नटातला रामही तसाच, नट रामाची नक्कल करतो आणि आपल्याला राम दिसतो.

जत्रेत धयकालो, म्हणजे आपलं दशावतारी नाटक, बघताना हेच डोक्यात. तारामती झालेला माणूस दिवसा रिक्षा चालवतो, अख्ख्या वाडीला माहीत आहे, बांगड्यांच्या वर मनगटाचे केस दिसतायत, लिहिलेले संवाद नाहीत, सगळं तिथल्या तिथे सुचलेलं, आणि माझ्या मागची आजी ‘किती सोसतली गे ती!’ करत डोळे पुसतेय. तेवढ्यात नातू चहा घेऊन आला तर त्याच दमात म्हणते, ‘त्याका पण ठेव रे, घसो सुकलो असतलो.’ रडणं तिच्यासाठी, चहा त्याच्यासाठी! आता सांग, ह्या बाईला कोणी फसवलं?

अभिनवगुप्ताच्या गुरूने, भट्ट तौताने, शंकुकाला बरोबर पकडलं होतं: मूळ राम बघितलाय कोणी, की ह्याला नक्कल म्हणायचं? तुझ्या कॅमेऱ्यालाही हाच प्रश्न, मूळ तारामती कुठे उभी करणार शूटिंगला? म्हणून मी शंकुकाचा घोडा घेतो, नक्कल त्याची त्याला परत. असं अर्धंमुर्धं उचललेलं विद्वानांना चालणार नाही, पण आपल्याला कोण विचारतो.

अभिनवगुप्ताचं स्वतःचं म्हणणं साधारणीकरणाचं, ते दुःख तारामतीचं, नटाचं, आजीचं असं कोणा एकाचं राहतच नाही. इथे मात्र माझं अडतं. कोणा एकाचं नाही, तर आजी ‘ती’ म्हणाली ती कोण? तुला काय वाटतं ते लिही, फोनवर नको, तू मध्येच विषय बदलतोस.

तुझो,
नाना