रिकामी करवंटी रांगेत ठेवणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सादर नमस्कार.

गेल्या आठवड्यात बालवाडीचा शेवटचा दिवस होता. निघताना तुमच्याशी चार शब्द बोलायचे मी मनाशी ठरवले होते, पण दारात चपला शोधणाऱ्या मुलांचा गलका, तुमच्या हातातली काजूच्या बियांची परडी आणि माझा भरून आलेला गळा यांत ते राहून गेले. ते बोलणे आता लिहून काढते आहे, आणि ते सर्वांना वाचता येईल असे लिहिते आहे, कारण येत्या जूनमध्ये आपले मूल कोणत्या शाळेत घालावे, या विचारात असलेल्या आईवडिलांना त्याचा काही उपयोग व्हावा, अशी माझी इच्छा आहे.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीचे पाणी चिपळुणात शिरले, तेव्हा माझा मुलगा साडेतीन वर्षांचा होता. त्या दिवशी आम्ही शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर होतो आणि त्याने खिडकीतून आमच्या घराचे दार पाण्याखाली जाताना पाहिले. पाणी ओसरल्यावर घरात जो चिखल उरला, तो काढायला आम्हाला कित्येक दिवस लागले, आणि त्या सगळ्या दिवसांत मुलगा काय पाहतो आहे, याकडे लक्ष द्यायला आमच्यापैकी कोणाला उसंत नव्हती. तो त्याबद्दल कधी बोलला नाही आणि आम्हीही तो विषय काढला नाही. मूल विसरले असेल, असे आम्ही धरून चाललो.

पुढच्या वर्षी जूनमध्ये त्याला आम्ही एका नावाजलेल्या शाळेच्या छोट्या गटात घातले. त्या शाळेच्या माहितीपत्रकात कृतीतून शिक्षण, अनुभवातून शिक्षण असे शब्द ठळक अक्षरांत छापलेले होते आणि मी त्यांवर विश्वास ठेवला. जुलैमध्ये तिथे पावसाळ्याचा दिवस साजरा झाला. मुलांना निळे कपडे घालून बोलावले होते, बाईंनी आधीच कापून ठेवलेले कापसाचे ढग मुलांनी कागदावर चिकटवले, कागदाच्या छत्र्या हातात देऊन त्यांची छायाचित्रे काढली गेली, आणि हे सगळे चालू असताना बाहेर धो धो पाऊस पडत होता व वर्गाच्या खिडक्या बंद होत्या. ढगांखाली पाऊस मुलांनी रंगवायचा होता. माझ्या मुलाने तो तपकिरी रंगवला. त्या कागदावर लाल रेघ ओढून तो घरी पाठवण्यात आला आणि पाऊस निळा असतो, तो पुन्हा रंगवून आणावा, अशी सूचना सोबत आली. मी भेटायला गेले, तेव्हा इतर सगळ्या मुलांना जमते, यालाच का जमत नाही, असे मला विचारण्यात आले. त्याने तपकिरी रंग का घेतला, हे मात्र एकानेही विचारले नाही. त्यानंतर तो सकाळी गणवेश पाहिला की पलंगाखाली जाऊन बसू लागला. जुलै संपता संपता आम्ही त्याला तिथून काढले. ती लाल रेघ मी अजून विसरलेले नाही आणि विसरण्याचा प्रयत्नही करणार नाही.

ऑगस्टमध्ये त्याला तुमच्याकडे आणले, तेव्हा तुमच्या अंगणात पाच सारखे डबे ठेवलेले होते: एक उघड्यावर, एक फणसाखाली, एक पागोळीखाली, एक तुळशीपाशी आणि एक ओटीवर. रोज सकाळी मुले माडाचा हीर, म्हणजे झावळीच्या पात्याची काडी, डब्यात उभा धरून पाणी कुठवर आले, ते पाहत आणि तेवढा हीर मोडून भिंतीशी मांडून ठेवत. माझा मुलगा अंगणात पाऊल टाकायला तयार नव्हता. तुम्ही त्याला आग्रह केला नाही. ओटीवरच्या डब्याचे काम त्याच्याकडे दिले. त्या डब्यात पाणी जवळजवळ येतच नसे, आणि रोज आपला हीर मोडण्यापुरताही भिजला नाही, हे तो सगळ्यांना गंभीरपणे सांगत असे.

पण ज्या गोष्टीसाठी हे पत्र मुख्यतः लिहिते आहे, ती गणपतीच्या सुटीआधीची आहे. मुलांनी नारळाच्या करवंट्यांत माती भरून वाल पेरले होते. प्रत्येक करवंटीवर त्या त्या मुलाचे चित्र होते, आणि माझ्या मुलाच्या करवंटीवर खंड्या पक्षी होता. खिडकीच्या कट्ट्यावर बावीस करवंट्या ओळीने मांडलेल्या होत्या. चार-पाच दिवसांत माती फोडून वाकलेले कोंब वर आले, मग पाने उलगडली, आणि एकवीस करवंट्यांमध्ये खंड्याची तेवढी काळीच राहिली. रोज घरी न्यायला गेल्यावर मी त्याला त्या कट्ट्यासमोर उभा असलेला पाहत असे. मला ते सहन होईना. मी घरी एका करवंटीत वाल रुजवला, खंड्याचे तसेच चित्र काढून चिकटवले आणि एके दिवशी पिशवीतून ती लपवून आणून तुमच्यापुढे ठेवली. मुलांच्या नकळत ती बदलून टाका, अशी विनंती मी केली. तुम्ही ती पिशवी हळूच माझ्या हातात परत दिली आणि म्हणालात, "त्याचं बी त्याला माहीत आहे." त्या वेळी मला तुमचा राग आला होता, हेही आज सांगून टाकते.

तुम्ही ती करवंटी काढली नाही, मागे सरकवली नाही, की दुसरी पेरून दिली नाही. ती आपल्या जागी, दोन हिरव्या वेलांच्या मध्ये, इतरांच्या बरोबरीने राहिली. नवव्या दिवशी सगळी मुले खेळायला गेली असता तुम्ही त्याच्याबरोबर जमिनीवर बसलात, वर्तमानपत्र पसरलेत आणि करवंटी त्याच्याच हातांनी त्यावर पालथी करायला सांगितलीत. मी दारातून पाहत होते. मातीचा गोळा ओला गच्च होता. त्याने तो बोटांनी फोडला, आतले कुजलेले बी काढले, त्याचा वास घेतला आणि तुम्हालाही दिला. तुम्ही तोंड न फिरवता तो घेतलात. मग तुम्ही शेजारची करवंटी त्याच्यासमोर ठेवलीत आणि काही बोलला नाहीत. तो दोन्ही उलटसुलट करून बराच वेळ पाहत राहिला. नारळ फोडला की डोळे एकाच करवंटीला येतात आणि दुसरी बिनडोळ्याची राहते, हे स्वयंपाकघरात इतकी वर्षे काढूनही माझ्या कधी मनात आले नव्हते. इतर करवंट्यांच्या डोळ्यातून जास्तीचे पाणी निथळून जात होते आणि त्याची करवंटी नेमकी बिनडोळ्याची होती. "ह्याला डोळाच नाही," तो म्हणाला. तुम्ही विचारलेत, "मग काय झालं?" तो म्हणाला, "पाणी भरलं. बाहेर जायला वाट नव्हती. म्हणून बी बुडलं." आणि थोडे थांबून, तुमच्याकडे न बघता, म्हणाला, "आमच्या घरात पण भरलं होतं."

तेरा महिन्यांत तो पहिल्यांदाच त्याविषयी बोलला होता. ताई, त्या क्षणी तुम्ही त्याला जवळ ओढले असतेत, धीराचे चार शब्द बोलला असतात, तरी मला ते योग्यच वाटले असते. पण तुम्ही मान हलवलीत आणि विचारलेत, "किती भरलं होतं?" तो उठून भिंतीपाशी गेला, चवड्यांवर उभा राहिला आणि हात पोचेल तितका वर नेऊन म्हणाला, "ह्याच्याही वर." मग तुम्ही डोळ्यांची करवंटी आणि खिळा त्याच्यासमोर ठेवलात. तीन डोळ्यांपैकी मऊ कोणता, ते त्याने बोटाने दाबून शोधले, तिथे स्वतः भोक पाडले आणि नवे बी पेरले. मी रस्त्यावर जाऊन रडले.

त्यानंतर त्याने पुन्हा तपकिरी पाऊस काढला, तेव्हा तुम्ही त्याला काचेच्या बरणीत रस्त्यावरच्या डबक्यातले पाणी भरून आणायला लावलेत. बरणी रात्रभर स्थिर राहिली आणि सकाळी माती तळाशी व वर नितळ पाणी दिसले. ते चित्र जसे होते तसेच वर्गाच्या भिंतीवर लागले आणि वर्षभर तिथे होते.

पुढच्या पालकसभेत तुम्ही ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्याविषयी बोललात. १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी खेड्यातल्या आणि आदिवासी मुलांसाठी बालवाडी चालवली. महागडी विलायती साधने परवडणारी नव्हती, म्हणून पाने, बिया, शिंपले, खडे हीच साधने केली. आणि मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर शाळाच मुलांच्या अंगणात आणि गुरे चारण्याच्या कुरणात नेली. मला त्या दिवशी वाटले की आमच्या मुलांचे भाग्य म्हणून तो धागा इतक्या वर्षांनी इथे एका ओटीवर शाबूत आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ ही वर्षे पायाभूत मानून खेळ आणि कृती यांवर भर दिला आहे, याचा मला आनंदच आहे. परंतु त्याच धोरणातली वाक्ये मी ज्या भिंतीवर टांगलेली पाहिली, त्या भिंतीच्या आत माझ्या मुलाचा पाऊस खोडला गेला, हेही मला ठाऊक आहे.

तुमच्याकडे ऋतू भिंतीवर टांगलेला नव्हता. दुसऱ्या वर्षी तुम्ही मुलांना लावणीच्या वेळी बांधावर नेलेत, प्रत्येकाच्या हाती तरव्याची, म्हणजे भाताच्या रोपांची, एक मूठ दिलीत आणि बालवाडीमागच्या वाफ्यात ती लावून घेतलीत. दिवाळीच्या सुमारास त्या वाफ्यातले भात मुलांनीच झोडले, सुपात पाखडले, आणि त्या तांदळाचा जो भात शिजला, त्याचे बावीस मुलांना दोन-दोन घास आले. गौरीच्या दिवसांत तेरडा कुठे उगवतो, ते शोधत मुले बांधाबांधाने हिंडली. संक्रांतीला तीळ आधी कच्चे आणि मग भाजलेले चाखले. या एप्रिलमध्ये पहिले रतांबे, म्हणजे कोकमाची फळे, फोडून त्यांची सोले वाळत घातली गेली. ओली सोले आणि वाळलेली सोले यांचे वजन करण्यासाठी दोन करवंट्यांची तागडी केली होती. वाळलेल्यांचे पारडे वर गेले, तेव्हा पाणी कुठे गेले, असे तुम्ही विचारलेत. माझ्या मुलाने घरी येऊन सांगितले की ते उन्हाने नेले आहे आणि जूनमध्ये परत आणून देणार आहे. हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. आता पहिल्या पावसात अंगणात जायचे त्याने ठरवून ठेवले आहे, आणि या वेळी उघड्यावरचा डबा आपला असेल, असेही त्याने मला सांगितले आहे.

मी अनेक हुशार माणसे पाहिली आहेत, ज्यांना उत्तर ठाऊक असते आणि ते देण्याची घाई असते. एका चार वर्षांच्या मुलासाठी नऊ दिवस थांबणारी, त्याच्या अपयशाला इतरांच्या यशाइतकीच जागा देणारी आणि त्याच्या आईच्या चुकीच्या मायेला न दुखावता नकार देणारी व्यक्ती मी प्रथमच पाहिली. तुमच्या मानधनात वर्षानुवर्षे वाढ झालेली नाही, हे मला इतर पालकांकडून कळले. आमच्या मुलांना सांभाळणाऱ्या स्त्रीला आम्ही समाज म्हणून असे वागवतो, याची मला लाज वाटते, आणि त्याबाबत आम्ही काही पालक व्यवस्थापनाला भेटणार आहोत.

खिळ्याने डोळा पाडलेल्या त्या करवंटीतला वेल पुढे आमच्या कुंपणावर चढला. त्याच्या शेंगांचे बी आम्ही दर वर्षी पेरतो. या पत्रासोबत एका पुडीत अकरा वाल पाठवते आहे. त्यांतले दोन किडलेले आहेत. मी ते काढून टाकणार होते, पण ताईंना तेही लागतील, असे सांगून त्याने ते परत पुडीत घातले.

आपली कृतज्ञ,
खंड्याची आई
चिपळूण, एप्रिल २०२४